काळी चारमध्ये बसवलेले गाणे

५ जून

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. घाईत घातला आहे, पण पूर्ण आहे; कोपर टेकले की नाही ते तपासू नकोस.

रेडिओ केंद्राच्या रेकॉर्डघरात मी चार वर्षे कपाटे लावते आहे, हे तू प्रत्येक समारंभात सर्वांना सांगतेस. आता सांगायला नवे काही देते. साहेबांनी मला एक कार्यक्रम दिला आहे: ‘एक गाणे, दोन गळे’. दर आठवड्याला एक मूळ गाणे आणि त्याचे कव्हर, म्हणजे तेच गाणे पुढे दुसऱ्या कुणी गायलेले, अशी दोन्ही ऐकवायची, आणि कोणते सरस व का, ते सांगायचे. ऑगस्टअखेरपर्यंत परीक्षा आहे. जमले तर माइक माझा. नाही जमले तर पुन्हा कपाटे.

पहिला भाग झाला. त्याचा मजकूर सोबत ठेवला आहे. साहेबांनी तो ऐकला आणि म्हणाले, “अहो, नुसतं ‘छान, छान’ म्हणायला माणूस कशाला हवा? टाळ्यांची टेप आहे की आपल्याकडे!”

तू तीस वर्षे गाणे शिकवलेस. मासिकात रेकॉर्डची परीक्षणे लिहून निम्म्या गायकांची झोप उडवलीस. मला शिकव. मला कपाटांत परत जायचे नाही. स्वतःचे मत बोलून दाखवायचे आहे; अडचण एवढीच, की मत सापडत नाही. बाबा म्हणाले, “आत्याला विचार, पण लक्षात ठेव, तिला तराजू दिला तर ती आधी तराजूलाच नापास करील.”

तुझी,
टकळी

११ जून

चि. टकळीस,

अनेक आशीर्वाद. मजकूर वाचल्यावर त्यांतला एक परत घेतला आहे.

कव्हर उशीला घालतात. आपण ‘नवी आवृत्ती’ म्हणू. तुझ्या मते मूळ गाणे ‘हृदयाला भिडते’ आणि नवी आवृत्तीही ‘तितकीच भिडते’. ही भिडाभीड झाल्यावर ऐकणाऱ्याच्या हाती काय आले? लग्नाला आलेली पाहुणी निरोप घेताना जे बोलते ते तू माइकपुढे बोललीस.

आधी हे समजून घे. मूळ गाणे पहिले असते म्हणून सरस नसते. आधी येणारा पाहुणा चांगली खुर्ची बळकावतो, तसे ते कानात बसलेले असते, इतकेच. त्याला उठवायचे, दोघांनाही सारख्या पाटावर बसवायचे आणि मग बघायचे. कोणते बरे, हा प्रश्न सर्वांत शेवटी. आधी विचार, बदलले काय? चाल तीच, शब्द तेच. मग गायिका भार कोणत्या शब्दावर देते? श्वास कुठे घेते? वेग कोणता? वाद्ये तिच्या मागे चालतात की तिला ओढत नेतात? हे सांगता आले की निकाल आपोआप लागतो. आणि नाही लागला तर गप्प बसावे. तेही एक मतच आहे.

सरावासाठी ‘दार लोटून जा’ घे. मूळ गाण्याची छोटी रेकॉर्ड माझ्याकडे आहे, तुमच्या कपाटातही असणारच. नवी आवृत्ती कोणा नव्या मुलीने गायली आहे असे ऐकते. तिची कॅसेट पाठव. फोन करू नकोस. फोनवर माणूस नुसते ‘हं’ म्हणतो आणि समोरचा त्याला होकार समजतो.

तुझी आत्या

२० जून

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार, या वेळी सावकाश.

कॅसेट सोबत आहे. तू म्हणालीस तसे दोघींना सारख्या पाटावर बसवले. मूळ रेकॉर्ड केंद्राच्या यंत्रावर लावली, मग नवी, मग पुन्हा मूळ. ध्वनिमुद्रक वैतागून म्हणाला, “ताई, तो माणूस गेला एकदाचा की नाही घराबाहेर?”

ध्रुवपद तुला पाठ आहे, तरी लिहिते:

जाताना दार लोटून जा,
कडी मी लावीन नंतर.

माझी टिपणे अशी. वेग दोघींचाही सारखा वाटला. पट्टीही सारखीच, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या अधेमधे कुठेतरी. मूळ गायिका ‘नंतर’च्या आधी थांबते, श्वास घेते आणि मग तो शब्द अगदी खाली ठेवते, जणू कडी लावायची तिला घाईच नाही. नवी मुलगी तिथे श्वास घेत नाही. ‘कडी मी लावीन नंतर’ एका दमात गाते, आणि शेवटी वाद्ये थांबवून पहिली ओळ एकटीच पुन्हा म्हणते. मला दोघीही वाट बघणाऱ्या वाटल्या.

पण माझ्या आठवणीत हे गाणे तू वर्गात वेगळेच शिकवायचीस. मी बारा वर्षांची असताना ते हळू म्हटले, तर तू ओरडली होतीस, “अगं, तो निघालाय, त्याला दार दाखव, चहा कसला विचारतेस?” तेव्हा बहुधा माझेच कान कच्चे. या गाण्याचा भाग जुलैच्या पहिल्या आठवड्यात आहे. लवकर लिही.

टकळी

२७ जून

चि. टकळीस,

आशीर्वाद. कान कच्चे आहेत हे तुझे तूच ओळखलेस, ही प्रगती.

दोन्ही ऐकली. मूळ गाणे माझ्या यंत्रावर, नवे कॅसेटवर. वेग सारखा? एक घोडा दौडतो आहे आणि दुसरा चारा खातो आहे, आणि तुला दोन्ही सारखेच पळताना दिसतात! मूळ गायिका स्वाभिमानी आहे. ती गृहस्थाला सांगते, निघ. दार नुसते लोट, कडीचे माझे मी बघेन. ‘नंतर’च्या आधी तू श्वास म्हणतेस, तो श्वास नव्हे, फणकारा आहे. नीट ऐक. आवाजाला कशी धार आहे! नव्या मुलीचे गाणे म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या बाईने शेजारणीला हाक मारावी तसे. रडत, ओढत, पाय घासत.

आणि पट्टीचे काय लिहितेस? मूळ गाणे काळी चारमध्ये आहे. पेटीवर बोट ठेव, सूर तंतोतंत मिळतो. तीस वर्षे मी मुलींना ते तसेच शिकवले. ‘अधेमधे’ आहे ती तुझी नवी मुलगी. ना पांढरी पाच, ना काळी चार. सूर घसरला की साथीदारांवर ढकलायचा, नाचता येईना अंगण वाकडे.

तेव्हा निकाल स्पष्ट आहे. वेग, धार आणि पट्टी, तिन्हींत मूळ गाणे सरस. हे नीट मांड. उगीच ‘मला वाटले’, ‘बहुधा’ असे दाराआडून बोलू नकोस. परीक्षकाने उंबरठ्यावर उभे राहून बोलावे.

आत्या

१२ जुलै

आत्या,

आजचा नमस्कार बाकी ठेवला आहे.

उंबरठ्यावर उभी राहून बोलले. तुझे प्रत्येक वाक्य ‘मी’ लावून बोलले. मूळ गाणे दौडते, नवे पाय घासते. मूळ काळी चारमध्ये, नवे घसरलेले. फणकारा ऐका, म्हणाले. आणि मग दोन्ही गाणी लागोपाठ वाजली. आत्या, दोन्ही एकाच चालीने चालत आली, हातात हात घालून! मी माइकपुढे बसले होते. काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाने आधी माझ्याकडे पाहिले, मग यंत्राकडे, मग छताकडे.

चार दिवसांनी साहेबांनी बोलावले. टेबलावर श्रोत्यांची पत्रे होती. एका बाईंनी लिहिले होते, ‘निवेदिकेने दौडणारा घोडा कुठे पाहिला? आमच्या रेडिओत तरी दोन्ही घोडे चारा खात होते.’ साहेब रागावले नाहीत, हे जास्त वाईट.

ते म्हणाले, “मत चुकलं तर मी सहन करीन. पण समोर वाजतंय ते सोडून भलतंच सांगितलंत. तुम्ही हे गाणं ऐकलं होतं का?”

काय सांगू? ऐकले होते. तुला लिहिलेही होते, वेग सारखा, पट्टी सारखी. मग तुझे पत्र आले आणि मी माझे कान उतरवून तुझे लावले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तीच दोन गाणी पुन्हा घ्यायची आहेत. साहेबांच्या शब्दांत, ‘शेवटची संधी नव्हे, पण शेवटून पहिली.’ एवढेच सांग, तू ऐकलेस तरी काय?

टकळी

१६ जुलै

चि. टकळीस,

नमस्कार बाकी ठेवायचा रिवाज आपल्या घरात नव्हता. आता पडला आहे तर आशीर्वादही उधारीवर समज.

काय ऐकले म्हणून विचारतेस? जे आहे ते ऐकले. पत्र आल्यावर रेकॉर्ड पुन्हा लावली. गाणे दौडते. फणकारा जागच्या जागी आहे. पेटीवर बोट ठेवले, काळी चार. पेटी खोटे बोलत नाही, आणि मीही बोलत नाही.

तेव्हा दोष कुठे आहे ते उघड आहे. तुमच्या केंद्राचे यंत्र म्हातारे झाले आहे. मंद यंत्रावर लावली की दौडणारी गायिकासुद्धा काठी टेकत चालते, आणि सूर उतरून दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकतो. म्हणूनच तुला दोन्ही सारखी वाटली. साहेबांना सांग, यंत्रदुरुस्तीवाला बोलवा, आणि तोवर माझ्या भाचीच्या कानांवर खापर फोडू नका. त्या बाईंनाही कळव.

मला दुःख होते ते याचे, की तीस वर्षांच्या अभ्यासापुढे तुला एक डळमळते यंत्र खरे वाटले. उद्या कुणी मोडके घड्याळ दाखवले तर सूर्याला उशीर झाला म्हणशील.

आत्या

२१ जुलै

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. मागचा बाकीही यातच धर, म्हणजे तुला उत्तर टाळायला सबब उरणार नाही.

यंत्र तपासले. दुरुस्तीवाल्यानेही तपासले आणि जाताना माझ्याकडे दयेने पाहिले. यंत्र ठीक आहे. शिवाय नव्या मुलीला फोन करून विचारले. ती म्हणाली, “आम्ही मूळ रेकॉर्ड लावली आणि सगळी वाद्यं तिच्याशी जुळवून घेतली. पेटीवाला कुरकुरला, ही पट्टी माझ्या पेटीत नाही म्हणून. मग पेटीच काढून टाकली.” म्हणजे तिचा सूर घसरलेला नाही. मूळ गाणेच अधेमधे आहे, आणि तिने ते जसेच्या तसे उचलले आहे.

आता ऐक. मी लहान असताना तुझ्या वर्गात कोपऱ्यात बसायचे. एक दिवस तू ही रेकॉर्ड लावलीस, पेटीचा सूर धरलास, आणि तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या. गाणे पट्टीत बसेना. तू म्हणालीस, “हे असं लोंबकळलेलं मुलींना कसं शिकवू?” मग तबकडीच्या बाजूला वेग बारीक कमीजास्त करायचा स्क्रू आहे ना, तो तू थोडा थोडा फिरवत राहिलीस, गाणे काळी चारमध्ये येऊन बसेपर्यंत. बसल्यावर म्हणालीस, “आता शहाणं झालं.” सगळ्या मुलींनी माना डोलावल्या. मीही.

तो स्क्रू तू परत कधी फिरवलास, आत्या?

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटव, आणि घड्याळ समोर ठेवून एका मिनिटात तो किती वेळा फिरून येतो ते मोज. छोटी रेकॉर्ड पंचेचाळीस फेऱ्यांची असते, तिच्यावरच छापलेले आहे. जास्त भरले तर तुझे गाणे दौडत नाही. तू त्याला दौडवते आहेस. या खेपेला अंगण खरेच वाकडे आहे का, तेवढे बघ.

तुझी,
टकळी

२५ जुलै

चि. टकळीस,

सत्तेचाळीस.

पुन्हा मोजले. सत्तेचाळीस.

आत्या

६ ऑगस्ट

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र मी बाबांना दाखवले. त्यांनी ते उलटून पाहिले आणि म्हणाले, “एवढंच? तब्येत बरी आहे ना तिची?” मला वाटले होते, तू पुढे काही लिहिशील, कोणते सरस ते सांगशील. वाट पाहिली. पत्र आले नाही. पेटीवर रुसलीस की माझ्यावर, ते कळेना. भागाचा दिवस उजाडला आणि दाराआडून सांगणारे कुणी नव्हते.

मग जे ऐकले तेच बोलले. आधी म्हणाले, मागच्या वेळी मी जे सांगितले ते गाण्यात नव्हते, आणि मी ते ऐकलेही नव्हते. कुणाकडून आले ते सांगितले नाही, घाबरू नकोस. मग गाणी लावली. कॅसेट सोबत आहे, तरी निकाल लिहिते.

मूळ गाण्यातली बाई ‘नंतर’च्या आधी श्वास घेते. त्या श्वासात सगळे उघड होते. तिला कडी लावायचीच नाही, हे आपल्याला पहिल्याच फेरीत कळते, आणि पुढची दोन कडवी आपण कळलेलेच पुन्हा ऐकत राहतो. नवी मुलगी तिथे श्वास घेत नाही. ती ओळ ती इतक्या सरळपणे म्हणते की आपल्याला ते खरे वाटते. लावील बिचारी कडी, झोपेल. आणि अगदी शेवटी, वाद्ये थांबल्यावर, ती एकटीच म्हणते, ‘जाताना दार लोटून जा.’ माणूस केव्हाच गेलेला आहे. ती हे कुणाला सांगते आहे? तिथे माझ्या अंगावर काटा आला. म्हणून मी नव्या आवृत्तीला सरस ठरवले.

साहेबांनी बोलावले.

म्हणाले, “तुमचा निकाल मला अजिबात पटला नाही. मूळ गाणं हजारपट चांगलं आहे. रात्री घरी जाऊन दोन्ही पुन्हा ऐकली, तरी नाही पटला.” मग दाराकडे बघत म्हणाले, “कपाटांसाठी दुसरं कुणीतरी बघायला हवं आता.”

मला ते कळायला जिना उतरून खाली यावे लागले.

आता तू बोल. कितीही बोल. तुझे सत्तेचाळीस वाचून मला जिंकल्यासारखे वाटेल असे वाटले होते. तसे काही वाटले नाही.

तुझी,
टकळी

१२ ऑगस्ट

चि. टकळीस,

अनेक आशीर्वाद. मागचे उधारीचेही देऊन टाकते. बाकी ठेवण्याची तुझी सवय मला लागू द्यायची नाही.

रुसले नव्हते. ऐकत होते. दहा दिवसांत घरातल्या सगळ्या रेकॉर्ड पुन्हा लावाव्या लागल्या, कारण स्क्रू मूळ जागी आणल्यावर माझ्या ओळखीचे कुणीच उरले नाही. सगळे किंचित जाड झाले, किंचित थकले. दादाला सांग, तब्येत उत्तम आहे, आणि तराजूबद्दलचा त्याचा विनोद तू मला जूनमध्येच कळवला होतास. मी विसरलेले नाही.

आता तुझा निकाल. तो साफ चुकीचा आहे. कारणे बिनचूक आहेत. असे परीक्षण मी माझ्या मासिकात छापले असते आणि खाली स्वतःची तीव्र असहमती जोडली असती.

चूक कुठे, ते सांगते. श्वास घेतल्याने सगळे उघड होते म्हणतेस. होऊ दे की. तू ते ‘नंतर’ श्वास न घेता म्हणून बघ. मोठ्याने, एकटी, दाराकडे तोंड करून. येत नाही. नवी मुलगी फार हुशार आहे. तिने शेवटासाठी काहीतरी राखून ठेवले. मूळ गायिकेजवळ राखून ठेवण्याइतके बळच नव्हते. मला हुशारी कळते, मी तिच्यावर आयुष्य काढले आहे. म्हणून मी मूळ गायिकेच्या बाजूची. साहेबांना कळव, या एका मुद्द्यापुरते ते बरोबर आहेत. दुसऱ्या कोणत्या मुद्द्यावर असतील असे त्यांच्या भाषेवरून वाटत नाही. आणि तुझ्या कॅसेटमध्ये ‘अंगावर काटा आला’ हे वाक्य ऐकले. काटा निवेदिकेच्या अंगावर येऊन उपयोगाचा नाही. ते काढायला हवे होते.

पेटी आता रेकॉर्डशी जुळत नाही. मूळ गायिकेने गाताना पेटीला विचारले नव्हते. गळा जिथे होता तिथून ती गायली. पेटी झाकून ठेवली आहे.

घड्याळ अजून तबकडीजवळच आहे. हिशेब केला. त्या गृहस्थाला मी इतकी वर्षे आठ सेकंद आधी घराबाहेर काढत होते. परवा रेकॉर्ड लावली, तर तो उंबरठ्यावर जरा रेंगाळला.

मी हटकले नाही.

तुझी आत्या